गुडगुडीची निरगाठ

शके १७०७, विश्वावसुनाम संवत्सर. कार्तिक वद्य प्रतिपदा.

लहानपणी अप्पांनी मला धूळपाटीवर अक्षरं शिकवली तेव्हा आई म्हणाली होती, "सोनाराच्या पोरीला लिहून काय करायचंय? दागिने घालायचे की पोथ्या?" आज वाटतं, अप्पांचे उपकार फेडायचे राहिलेच. जे नवऱ्याला बोलता येत नाही आणि शेजारणीला सांगता येत नाही, ते ठेवायला कागदाएवढी मुकी जागा दुसरी नाही.

आज दुकानात विपरीत घडलं. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची पडवी. सदाशिव पेठेतल्या एका घरची बुगडी कामाला घेतली होती. तिच्यावर मोहरीहून बारीक सोन्याचे रवे बसवायचे. रवे डिंकावर मांडून झाले की दिव्याची ज्योत फुंकणीने त्यांच्यावर न्यायची आणि फुंक एकसारखी धरायची. श्वास नाकाने आत, फुंक तोंडाने बाहेर, मध्ये खंड नाही. नारायण पेठेत अशी फुंक फक्त आमच्याकडे आहे असं लोक म्हणतात. मीही म्हणते, फक्त यांच्यासमोर म्हणत नाही.

ऐन वेळी यांना खोकला आला. ज्योत उसळली, निम्मे रवे वितळून एकमेकांत गेले, बाकीचे उडाले. मी ओल्या बोटाने जमिनीवरचे टिपत होते आणि हे फुंकणी मांडीवर ठेवून बसले होते.

"फुंक तुटली," एवढंच म्हणाले.

खोकला गेल्या पावसाळ्यापासून आहे. कशाने आहे ते आमच्या मांजरालाही माहीत आहे. पण आज मी तोंड उघडलं नाही. बुगडी पुन्हा आटवून नव्याने करायला घेतली आहे.

कार्तिक वद्य तृतीया.

आज सकाळी अंघोळ करून, कालिकेला हात जोडून, एरणीवर तळहात ठेवून स्वारी म्हणाली, "आजपासून तंबाखू बंद."

मी आतून ऐकलं आणि डोळे भरून आले. बायकोच्या गळ्याची शपथ घेणारे नवरे पुष्कळ पाहिले, पण सोनार एरणीची खोटी शपथ घेत नाही. देवापुढे साखरेची वाटी ठेवली. वाटायची घाई मात्र केली नाही, झाकून ठेवली.

एक अट घातली आहे. तंबाखू का सोडली ते कुणाला कळता कामा नये. "माझी फुंक तुटते असं एका गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं की रव्याचं काम दुसऱ्याच्या एरणीवर गेलंच म्हणून समज. मी, तू आणि बजरंग. चौथा कान नाही."

बजरंगभावोजी पलीकडच्या गल्लीत चांदीचं काम करतात. आमच्याच जातीतले. गेली वीस वर्षं दिवेलागणीला दोघं आमच्या ओट्यावर बसतात आणि एकाच गुडगुडीची नळी या हातातून त्या हातात फिरते. मला सवत नाही असं लोक म्हणतात. आहे, पितळेची आहे. भावोजींना मी वाईट म्हणत नाही. फक्त ते आले की मनात येतं, या माणसाला स्वतःचा ओटा नाही का?

कार्तिक वद्य चतुर्थी.

गुडगुडी डोळ्यांसमोर राहिली तर शपथ कशी राहणार? आज तिला चिंचेने घासली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि वर माझी ती निरगाठ मारली, जी मारल्यावर मला स्वतःलाही दातांशिवाय सुटत नाही. मग पाण्याला जाताना बरोबर नेली. हौदावर भावोजींची बायको बायडाबाई भेटली. तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "ठेवा तुमच्याकडे. आमच्याकडे आता ही नको."

जरा मोठ्यानेच म्हटलं असेन. मनात अभिमान होता ना.

तिचा चेहरा उतरला. "वहिनी, हे काय?"

"भावोजींना विचारा, त्यांना ठाऊक आहे." चौथा कान नाही म्हणजे नाही. सगळा हौद आमच्याकडे बघत होता. मला बरंच वाटलं, चारचौघींत व्रत घेतल्यासारखं.

कार्तिक वद्य नवमी.

या घरात सध्या वाघ बांधला आहे. आमटी खारट, भात कच्चा, उजेड कमी, माझ्या बांगड्यांचा आवाज जास्त. काल हातोडीला शिव्या दिल्या. बिचारी हातोडी उलट बोलत नाही, म्हणून उरलेल्या मला दिल्या.

दिवेलागणीची वेळ सगळ्यात वाईट. हात नुसते नळी शोधतात. मी सोंगट्यांचा पट मांडला. हे लबाडी करून जिंकतात, मी पाहून न पाहिल्यासारखं करते. लवंग दिली, ओवा दिला, भाजलेली बडीशेप दिली. पण खरी तलफ भागते ती गुळाने. तंबाखू गुळातच मळलेली असायची, तेव्हा तंबाखू सुटली आणि गूळ मागे उरला. ढेप बघता बघता संपली. संपू दे. गुळाने माणूस खोकत नाही.

गुडगुडी गेली त्या दिवसापासून भावोजी फिरकलेले नाहीत. देवाने माझं ऐकलं म्हणायचं.

कार्तिक अमावास्या.

आज यांची शपथ मोडली.

एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते. परत आले ते तोंड धुऊनच आत आले, तेव्हाच मी ओळखलं. विचारायच्या आत म्हणाले, "चिलीम पुढे आली. म्हटलं एक झुरका. एक घेतला, आणि पुढचे कुणी ओढले ते मलाच कळलं नाही. माझं असंच आहे गं. एक म्हणजे सगळं." मग दुकानात जाऊन एरणीवर डोकं टेकून बसले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. लपवता आलं असतं, पण लपवलं नाही. वीस वर्षांत जेवढं प्रेम मी बोलून दाखवलं नसेल तेवढं आज गरम पाण्याच्या तांब्याबरोबर नेऊन दिलं. "उद्यापासून पुन्हा पहिला दिवस," म्हटलं. हे म्हणाले, "तू ओरडली असतीस तर सोपं गेलं असतं."

साखरेची वाटी अजून झाकलेलीच आहे.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया.

सकाळी दुकानाचं दार उघडलं की ओट्यावर पळसाच्या पानात बांधलेली ज्येष्ठमधाची पुडी असते. कोण ठेवतं कळत नाही. एक कांडी गालात धरली की तलफ मागे सरते, असं हे म्हणतात. मला वाटतं सदाशिव पेठेतल्या त्या बुगडीवाल्या बाईंचं काम असावं. नवी बुगडी पाहून खूश झाल्या होत्या. कुणी का असेना, त्याचं भलं होवो.

हौदावर मी गेले की बायका गप्प होतात. आमच्या घरातली गुडगुडी गेली याचं कौतुक चाललं असणार. तोंडावर कौतुक करायची आपल्या पेठेत पद्धत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठी.

खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला. दरवर्षी भरीत खायला भावोजी आमच्याकडेच येतात आणि "वहिनी, वांगं जरा करपलंय" म्हणून तीनदा वाढून घेतात. आज आले नाहीत. मी निरोपही धाडला होता.

हे म्हणाले, "तो येणार नाही. तो दिसला की माझे हात नळी शोधतात, त्याला ठाऊक आहे." आणि ताटातलं भरीत तसंच ठेवलं.

आता खरं लिहिते. मला हे आवडलं नाही. मला गुडगुडी जायला हवी होती. भावोजी जायला हवे होते असं वाटत होतं, पण ते गेले तर घर रिकामं वाटतं. आणि खोकला? या चार दिवसांत ऐकला नाही. मग मी तक्रार कुणाजवळ करू?

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी.

बोरू दोनदा मोडला, अक्षर वाकडं येईल.

न राहवून भरिताचं निमित्त करून आज बायडाबाईकडे गेले. तिने बस म्हटलं नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, "वहिनी, आमचा गुन्हा काय झाला तेवढं सांगा आणि मग जा."

मला काही कळेना. मागे त्यांची पोर शकू कोपऱ्यात तोंड लपवून बसली होती.

हळूहळू कळलं. शकूचं लोणी काळभोरच्या संपतशेटांच्या मुलाशी ठरलं होतं, नुसती सुपारी फुटायची बाकी होती. त्यांचं कुणीतरी माणूस त्या दिवशी हौदावर होतं. वीस वर्षं दोघांत फिरलेली गुडगुडी भर हौदावर घराबाहेर काढली म्हणजे हुक्कापाणी तुटलं, त्या घराशी बसणं-उठणं बंद. जातीतला माणूस जातीतल्या माणसाचं हुक्कापाणी उगाच तोडत नाही, काहीतरी डाग असला पाहिजे. संपतशेटांनी निरोप धाडला आहे की कारण कळेपर्यंत सुपारी नाही.

"आमचे हे तर काही बोलतच नाहीत," बायडाबाई म्हणाली. "किती विचारलं. म्हणतात, माझा मित्र आहे, त्याचं त्याला ठाऊक. रात्रंदिवस मेल्यासारखे गप्प."

म्हणजे या माणसाने स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नाही. चौथा कान नाही म्हणजे नाही. पोरीचं लग्न मोडायला आलं तरी नाही. आणि गुडगुडी हौदावर कुणी दिली? मी. मोठ्याने कोण बोललं? मी. मी व्रत घेतल्यासारखी उभी होते तिथे.

देवा, मला हौदात ढकललं असतंस तरी चाललं असतं.

मार्गशीर्ष पौर्णिमा.

एकादशीलाच सगळं यांना सांगितलं. ऐकून तसेच उठले आणि भावोजींकडे गेले. "मी लोणीला जातो, खोकल्याचं खरं काय ते सांगतो. एरण थंड झाली तर होऊ दे," असं म्हणाले. त्यावर भावोजी म्हणाले, "वेडा आहेस. हे खरं कुणाला पटणार नाही, आणि पटलं तर तू भीक मागशील. दोन्हीकडून माझ्या शकूला काय मिळणार?"

परवा संपतशेट स्वतः पुण्याला येत आहेत. भावोजींच्या घरी बैठक बसेल, गुडगुडी फिरेल. भावोजींच्या हातून नळी घेऊन यांनी चारचौघांत ओढली, तर हुक्कापाणी शाबूत आहे हे कुणी वेगळं सांगायला नको.

हे काल दिवसभर दुकानातच बसून होते. आज म्हणाले, "एक म्हणजे सगळं. तुला माहीत आहे."

मला माहीत आहे. अमावास्येचा दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाही. फुंक आत्ता कुठे सरळ झाली आहे. आणि हा एक झुरका ज्या गाठोड्यातून येणार ते मीच बांधून दिलेलं.

"जा," मी म्हटलं. "ओढा. परत लागली तर परत सोडवू. मी आहे. शकू एकदाच लग्नाची होते."

यांनी दिव्याची वात पुढे सारली. मग म्हणाले, "तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं." वीस वर्षांत पहिल्यांदा. तेही अशा दिवशी.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया.

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

तिसऱ्या प्रहरी भावोजींकडे गेलो. बैठकीआधी यांना विचारून मी बायडाबाईला सगळं सांगितलं. चौथा कान झाला. ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग चिमटाही काढला, "हौदावर एवढं मोठ्याने बोलायच्या आधी हे सुचलं नाही का?"

बैठकीची वेळ झाली, गुडगुडी काढायला ती आत आली. फडताळावरून गाठोडं खाली घेतलं आणि गाठीशी झगडू लागली. सुटेना. मी बघितलं तर माझं लुगडं आणि माझीच निरगाठ. जशी मारली होती तशीच.

"ही सोडली नाही कुणी?" मी विचारलं.

"कशी सोडणार? त्या दिवसापासून यांनी तंबाखूला हात लावला नाही. म्हणतात, एकट्याने ओढायची चीज आहे का ती?" आणि त्याच फडताळात पळसाच्या पानांची चवड होती, शेजारी ज्येष्ठमधाच्या कांड्या. बायडाबाई म्हणाली, "रोज पहाटे घेऊन जातात कुठेतरी. मला वाटलं, कुठल्या देवाला."

मी ती गाठ दातांनी सोडवली. 

बाहेर संपतशेट मिशांवर हात ठेवून बसले होते. आम्ही दाराआडून ऐकत होतो.

"शेट, आमी गावाकडली मानसं," ते यांना म्हणाले. "आडपडदा न्हाई ठेवीत. गुडगुडी घराभाईर गेली म्हनं. काय घडलं आसंल ते सांगून टाका, मंग पुढचं बोलू."

हे काही बोलायच्या आत भावोजी म्हणाले, "नळी गळत होती. माझ्याकडे दुरुस्तीला आली होती."

"सोनाराच्या घरातली नळी गळती व्हय?" संपतशेट हसले, पण डोळे हसले नाहीत. "ऱ्हाऊ द्या. आता तर दुरुस्त हाय न्हवं?"

भावोजींनी चिलीम भरली. पाहुण्याला पहिला मान. संपतशेटांनी पोटभर ओढली. मग भावोजींनी नळी हातात घेतली, ओठाला लावल्यासारखी केली आणि म्हणाले, "चिलीम बसली. नवी भरतो." कोपऱ्यातल्या शेगडीपाशी पाठ करून बसले. किती वेळ लावला! मला वाटत होतं, पुढे व्हावं आणि त्यांच्या हातातून ती हिसकावून घ्यावी. हा माणूस वीस वर्षं आमच्या ओट्यावर बसला, आणि आज माझ्या नवऱ्याला पुन्हा खड्ड्यात लोटायला स्वतःच्या हाताने निखारा मांडतो आहे. जा म्हणून मीच सांगितलं होतं, तरी मनात असंच आलं.

यांनी नळी घेतली.  मी डोळे मिटले. गुडगुड ऐकू आली, लांब, एका श्वासाची. मी खोकल्याची वाट बघत राहिले. आला नाही. डोळे उघडले तर यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हे भावोजींकडे बघत होते. भावोजी छताकडे बघत होते.

"आता कसं!" संपतशेट मांडीवर थाप मारून म्हणाले. "म्हातारी मानसं सुद्दा रडाया लागली. आना सुपारी."

सुपारी फुटली. शकू आतल्या आत इतकी लाजली की बायडाबाईने तिला कोठीत लोटलं.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी मी विचारलं, "फार तलफ आली का हो?" जीव मुठीत धरून विचारलं. हे थांबले. भर रस्त्यात, दिवसाउजेडी म्हणाले, "वास घे."

मी आजूबाजूला बघितलं आणि घेतला. तंबाखूचा नव्हताच. पाक लागल्यावर कढईला येतो तसा वास होता.

"चिलमीत तंबाखू नव्हती. निखाऱ्याखाली नुसता गुळाचा खडा. नळी ओठाला लावली तेव्हा मी मनात एरणीची क्षमा मागत होतो. आणि घोट आत गेला तो गोड लागला." मग उपरण्याने तोंड झाकून घेतलं आणि घराकडे वळले.

साखरेची वाटी आज उघडली. पहिली चिमूट भावोजींच्या नावाने बाजूला काढली.

पौष शुद्ध दशमी, संक्रांत.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. सुखात लिहायला सुचत नाही, हे खरं.

शकूच्या बुगड्या यांनीच करायला घेतल्या. लग्न माघात आहे. आज शेवटचे रवे बसवले. मी दाराशी उभी होते. ज्योत वाकली, बुगडीवर टेकली आणि हलली नाही. गाल फुगलेले, नाकपुड्या हलताहेत, फुंक एकसंध. मी माझा श्वास धरून ठेवला होता, तो त्यांच्या आधी संपला.

"झालं," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू कशाला दम लागल्यासारखी उभी आहेस?"

दिवेलागणीला भावोजी तिळगूळ घेऊन आले. ओट्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी बसले. मी आत गेले आणि गुडगुडी आणून दोघांच्या मध्ये ठेवली. ती मीच त्यांच्याकडून परत आणली आहे, उघडी, हौदावरून, सगळ्यांच्या देखत. आत नुसतं पाणी आहे, चिलीम रिकामी. दोघं आळीपाळीने ओढतात, ती गुडगुडते आणि दोघं लहान पोरांसारखे खूश होतात. हसायचं तर हसा म्हणावं, मला आता त्या आवाजाशिवाय दिवा लावल्यासारखा वाटत नाही.

"भावोजी," मी म्हटलं, "तुमच्या ज्येष्ठमधाचं पुण्य मी एका परक्या बाईच्या नावावर टाकत होते."

"राहू द्या," ते म्हणाले. "पण वहिनी, भरीत बुडालं त्याचं काय? खंडोबा विसरेल, मी नाही." आजच्या संक्रांतीला तिळगुळाबरोबर भरीत केलं. करपलंय म्हणाले आणि तीनदा घेतलं.

दुपारी हळदीकुंकवाला बायकांनी नाव घे, नाव घे म्हणून धरलं. तिथे मी आपलं नेहमीचंच काहीतरी म्हटलं, रामाचं नि सीतेचं. खरा उखाणा हौदावर सांगण्यासारखा नाही, संपतशेटांपर्यंत जायचा. म्हणून तो इथे लिहून ठेवते. या कागदावर मी त्यांचं नाव आजवर लिहिलं नव्हतं.

गुडगुडीत नुसतं पाणी, चिलमीत नुसता गूळ,
यज्ञेश्वरशेटांचं नाव घेते, सुटलं एकदाचं खूळ.